आधाराची साधने : सायकलची बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या सवयी

वाचकहो, कानातल्या यंत्राच्या चपट्या घटांविषयी गेल्या अंकात लिहिले, त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतले एक सांगलीहून आलेले पत्र मात्र निराळ्याच बॅटरीविषयी होते. लिहिणाऱ्या सूनबाई शाळेत शिक्षिका आहेत. त्यांचे सासरे ७१ वर्षांचे. टपाल खात्यात पस्तीस वर्षे सायकलवरून पत्रे वाटण्यात गेली. गुडघे झिजल्यामुळे दोन वर्षांपासून सायकल जिन्याखाली उभी होती, आणि सायकल उभी राहिली तसे सासरेही खुर्चीला टेकले. गेल्या दिवाळीत चिरंजीवांनी त्याच जुन्या सायकलीला विजेच्या मोटरचे किट बसवून दिले. विश्रामबागेतून गणपती मंदिरापर्यंतची फेरी पुन्हा सुरू झाली, जेवण वाढले, झोप लागू लागली.

इथपर्यंत सारे छान. पुढे त्या लिहितात, की आता बॅटरी निम्म्या वाटेत दम टाकते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, त्यांच्या उशाशी प्राणवायूचे यंत्र रात्रंदिवस चालू असते, आणि सायकलची बॅटरी रात्रभर दाराशी चार्जिंगला लावलेली असते. वर्तमानपत्रांतून बॅटऱ्या पेटल्याच्या बातम्या वाचल्यापासून सूनबाईंना झोप नाही. ‘मामंजींना सांगावे तर ते म्हणतात, आपला इन्व्हर्टर बारा वर्षे रात्रंदिवस चार्जिंगला आहे, त्याला कुठे काय झाले?’ शेवटी विचारले आहे, की सायकल विकून टाकावी का?

मी मिरजेचा. सांगली ती कितीशी दूर? एका रविवारी सकाळी जाऊन आलो. मामंजी हा सूनबाईंचा शब्द मीही पुढे वापरतो. त्यांनी तशी अनुमती दिली आहे, आणि आपल्या चुका छापण्यासही ‘खुशाल छापा’ म्हणून मोकळीक दिली आहे.

मामंजींच्या म्हणण्यात तर्क होता. इन्व्हर्टरची बॅटरी त्यांनी बारा वर्षे उत्तम सांभाळली होती. दर दोन महिन्यांनी झाकणे उघडून डिस्टिल्ड वॉटर घालायचे, टोकांवरची पांढरी बुरशी पुसून व्हॅसलिन लावायचे आणि ती सदैव भरलेली ठेवायची, हा त्यांचा नेम. शिसे व आम्ल यांच्या बॅटरीसाठी तो अगदी योग्य आहे. तसली बॅटरी रिकामी पडून राहिली, की शिशाच्या पट्ट्यांवर गंधकाचा क्षार घट्ट बसतो आणि तिची शक्ती जाते. म्हणून तिला भरलेलीच ठेवावी लागते. नवी सायकल घरी आली त्या दिवशी मामंजींनी या बॅटरीचीही झाकणे शोधली होती. ती सापडली नाहीत. ‘पाणी घालायचे कुठे?’ असे त्यांनी दुकानदाराला दूरध्वनी करून विचारले, तेव्हा तो हसला. पण ही बॅटरी निराळ्या जातीची आहे, हे काही त्याने सांगितले नाही.

दुसरी सवय आली जुन्या कॉर्डलेस फोनवरून. त्यातल्या निकेल-कॅडमिअमच्या घटांना एक खोड होती. पूर्ण न उतरवता वारंवार चार्ज केले, तर ते पुढे तेवढीच वीज देत. त्यामुळे ‘बॅटरी पूर्ण उतरवून मगच चार्ज करावी’ हा नियम घरोघर रूढ झाला. मामंजी दर रविवारी सायकल मागच्या स्टँडवर उभी करीत आणि पुढचे मोटरचे चाक विटांवर उचलून, बॅटरी संपेपर्यंत ते नुसते फिरवत ठेवीत. बॅटरीला व्यायाम म्हणून!

सायकलच्या किटमध्ये हल्ली बहुधा लिथियम-आयन जातीची बॅटरी असते आणि तिला या दोन्ही सवयी मानवत नाहीत. तिला निकेल-कॅडमिअमसारखी खोड नाही. थोडी वापरून थोडी भरली तर तिचे काहीच बिघडत नाही. उलट तेच तिला सोसते. पूर्ण रिकामी होणे तिला बाधते, आणि काठोकाठ भरून उष्ण जागी दिवसचे दिवस बसून राहणेही बाधते. माणसाच्या आहाराविषयी या पाक्षिकात जे सांगितले जाते तेच इथे लागू आहे म्हणा ना : उपास नको आणि आकंठ भोजनही नको. नेहमीच्या फेरीसाठी साधारण ऐंशी-नव्वद टक्के भरली की पुरे. पंधरवड्यातून एकदा पूर्ण भरावी, कारण बॅटरीतले सर्व घट एका पातळीवर आणण्याचे काम बहुतेक बॅटऱ्यांत अगदी शेवटच्या टप्प्यात होते.

पहिल्यांदा आणल्यावर बारा तास चार्ज करावी लागते, हा समजही आता सोडून द्यावा. दिवा हिरवा झाला की काम झाले. शीतकपाटात ठेवल्याने ती टिकते, हे तर कृपा करून करू नका. बाहेर काढल्यावर तिच्यावर आत-बाहेर दव धरते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. या बॅटरीच्या शोधासाठी २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले : स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, अकिरा योशिनो आणि जॉन गुडइनफ. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळवणारे दुसरे कोणी नाही. ऑक्सफर्डमध्ये १९८० साली त्यांनी कोबाल्टचा उपयोग दाखवून दिला तेव्हा ते साठीकडे झुकले होते. लोह व फॉस्फेटवर चालणारी अधिक सुरक्षित जात त्यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून बाहेर आली, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. हे ऐकून मामंजी प्रथमच खुर्चीत सरसावून बसले आणि म्हणाले, ‘मग आम्हाला या वयात समजायला काय हरकत आहे? सांगा.’

तेव्हा मी चार्जर मागितला.

इथे मात्र माझे हसू मावळले. दिवाळीत किटबरोबर आलेला चार्जर उन्हाळ्यात पडून फुटला होता. एका दुकानातून दुसरा आणला; ‘पिन बसते, व्होल्ट तेच आहेत’ एवढे पाहून दिला आणि घेतला. बॅटरीवर ‘३६ व्होल्ट’ लिहिलेले, चार्जरवरही मोठ्या अक्षरांत ‘३६ व्होल्ट’. पण खाली बारीक अक्षरांत, भिंगातून वाचावे लागले, बाहेर पडणारा दाब ४४ व्होल्ट असल्याचे छापले होते. तो शिसे-आम्ल बॅटरीचा चार्जर होता.

हे आकडे आपण एकदा समजून घ्यावेत अशी माझी विनंती आहे, कारण साऱ्या लेखात याहून महत्त्वाचे काही नाही. ३६ व्होल्टच्या नेहमीच्या लिथियम बॅटरीत एकापुढे एक असे दहा घट जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येक घट ४.२ व्होल्टवर थांबला पाहिजे. म्हणजे दहांचे मिळून ४२. म्हणून तिच्या चार्जरवर ४२ व्होल्ट हाच आकडा हवा. ४४ व्होल्टचा चार्जर प्रत्येक घटाला ४.४ पर्यंत रेटू पाहतो. घट तेवढे सोसत नाही. आत धातूचे थर धरू लागतात, तापमान वाढते, आणि एखाद्या रात्री आतल्या आत जोड लागून तो पेटू शकतो. बॅटरीच्या पेटीत एक छोटी संरक्षक पाटी असते, कारागीर तिला बीएमएस म्हणतात. ती दाब वाढताच प्रवाह तोडते. मामंजींच्या घरी आजवर अनर्थ टळला तो बहुधा तिच्यामुळे. पण ती अखेरची आडकाठी आहे, रोजची नव्हे. फ्यूज आहेच म्हणून कोणी रोज तारा जोडून पाहत नाही.

आणखी एक गोम आहे. लोह-फॉस्फेट जातीच्या ३६ व्होल्टच्या बॅटरीत बहुधा बारा घट असतात आणि तिचा चार्जर ४३.८ व्होल्टचा असतो. दोघींनाही दुकानात लिथियमच म्हणतात. ४८ व्होल्टच्या नेहमीच्या लिथियम बॅटरीत तेरा घट आणि चार्जर ५४.६ व्होल्टचा. तेव्हा नवा चार्जर घेताना ‘लिथियमचा द्या’ एवढे पुरत नाही. जुन्या चार्जरवरचा आउटपुटचा आकडा कागदावर उतरवून न्या, तोच आकडा जुळवा, आणि शक्यतो ज्याने बॅटरी दिली त्याच्याकडूनच घ्या. पिन बसते हा काही पुरावा नव्हे. दुसऱ्याच्या कुलपातही आपली किल्ली कधी कधी शिरते.

आता जागेविषयी. मामंजींचे घर दुसऱ्या मजल्यावर, एकच दार. दाराशी चपलांचे कपाट, त्याखाली बॅटरी, वरच्या खणात रद्दी. जिना चढून आले की बॅटरी तिथेच टेकवायची, ही सोय. मी सूनबाईंना एवढेच विचारले, ‘ही इथे पेटली तर सासूबाईंना बाहेर न्यायचे कोणत्या वाटेने?’ घरात कोणी काही बोलले नाही. मामंजी उठले आणि त्यांनी स्वतः बॅटरी तिथून उचलली.

अशी आग क्वचितच लागते, हे आधी सांगितले पाहिजे; उगाच भय पसरवण्यात मला रस नाही. चांगल्या बनावटीची, न आपटलेली, योग्य चार्जरवरची बॅटरी वर्षानुवर्षे निमूट काम करते. पण लागली तर ती कागदाच्या आगीसारखी नसते. एक घट तापतो, तो शेजारच्याला तापवतो, आणि मिनिटाभरात विषारी धूर खोली भरून टाकतो. न्यूयॉर्क शहरात २०२३ साली अशा बॅटऱ्यांच्या आगींत १८ माणसे दगावली. घरपोच खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्यांच्या विजेच्या सायकली तिथे सदनिकांत, पुष्कळदा दाराशीच, चार्ज होत असत. त्याच वर्षी तिथे प्रमाणित नसलेल्या सायकली व बॅटऱ्यांच्या विक्रीवर बंदी आली.

आणि ज्या घरात प्राणवायूचे यंत्र चालू आहे, तिथे तर अधिक जपले पाहिजे. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण तो मुरलेली चादर, उशी, केस साध्या ठिणगीनेही भडकतात. रुग्णाच्या खोलीत वा तिच्या दाराशी सायकलची बॅटरी चार्ज करणे सर्वथा वर्ज्य समजावे.

आम्ही घर फिरून जागा शोधली. पुढच्या गॅलरीत दुपारचे ऊन येते, नको. जिन्याखाली ठेवावे तर तीही सर्वांची वाट. अखेर स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत, शहाबादी फरशीच्या कट्ट्यावर, पावसाची झड पोहोचत नाही असा कोपरा मिळाला. वेळ ठरली संध्याकाळी पाच ते आठ, घरात सगळे जागे असताना. फेरीहून आल्या आल्या लगेच लावायची नाही. बॅटरी अर्धा तास निवू द्यायची. वर कापड झाकायचे नाही, शेजारी रॉकेल, रद्दी, गॅसची टाकी नको. झोपण्यापूर्वी पिन काढलेली असलीच पाहिजे.

सेवा करणाऱ्या मंडळींनी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. पेटी फुगली, न वापरताही गरम लागली, नेलपॉलिशसारखा गोडसर उग्र वास आला, फसफस ऐकू आली, किंवा बॅटरी जोराने आपटली, तर ती पुन्हा चार्ज करू नये. थंड असेल तर मोकळ्या जागी नेऊन ठेवावी. धूरच निघू लागला, तर तिला हात लावू नये. माणसांना बाहेर काढावे, यंत्र बंद करावे, मागे दार ओढून घ्यावे आणि १०१ क्रमांक फिरवावा. पाण्याच्या बादल्या घेऊन धावणारे आजोबा मला ठाऊक आहेत. त्यांना धरून बाहेर आणणे हेही सेवेतच मोडते.

सांगलीकरांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कितीतरी वाहने पाण्याखाली गेली. पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी वाळवून पुन्हा लावू नये. ती वरून कोरडी दिसते, आत गंज चालू राहतो. पावसातून चालवणे वेगळे आणि बुडणे वेगळे. पाइपने सायकल धुणेही टाळावे. पावसाळ्यात महिना-दोन महिने फेरी बंद असेल, तर बॅटरी निम्मी भरून, सायकलवरून काढून, सावलीत ठेवावी आणि महिन्यातून एकदा पाहावी. निकामी झालेली बॅटरी भंगारवाल्याला विकू नये. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था करणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. विक्रेत्याला तसे ठणकावून सांगावे.

आता सूनबाईंचा दुसरा प्रश्न : बॅटरी गेली काय? थोडी गेली आहे, आणि गेलेली शक्ती परत येत नाही. पण सारा दोष तिचा नाही. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास यांचा गुणाकार ३६० वॅट-तास. ही तिची शिदोरी. सपाट रस्त्यावर पायडल न मारता नुसती मूठ पिळून गेले, तर किलोमीटरला साधारण पंधरा ते वीस वॅट-तास खर्च होतात, म्हणजे वीस-बावीस किलोमीटरांत शिदोरी संपते. पायांनी निम्मा भार उचलला, तर तीच बॅटरी पस्तीस-चाळीस किलोमीटर नेते. मामंजी आठ महिने पायडलांवर पाय नुसते ठेवून बसत होते. शिवाय चाकांत हवा इतकी कमी होती, की अंगठ्याने टायर सहज दबत होते. हवा भरल्यावर सायकल ढकलून पाहिली आणि ते स्वतःच म्हणाले, ‘टपालात असतो तर साहेबांनी मेमो दिला असता.’

पायडल मारल्याने बॅटरी चार्ज होते, असे त्यांना कुणीतरी सांगितले होते. जुन्या डायनामोवरून आलेला हा समज फार पसरलेला आहे. किटमध्ये बहुधा वापरली जाणारी दातेरी चक्रांची छोटी मोटर मोकळी फिरते. ती वीज परत देऊच शकत नाही. थेट फिरणाऱ्या जड मोटरी थोडी देतात, पण तीही उतारावर, आणि अल्प. बॅटरीचे आयुष्यही किती वेळा पिन लावली यावर मोजत नाहीत. पाचशे फेरे म्हणजे पाचशे वेळा पूर्ण भरण्याइतकी वीज. रोज एक तृतीयांश वापरली, तर तीन दिवसांचा एक फेरा. पाचशे फेऱ्यांना चार वर्षे लागतात.

किटकडे वळलो तेव्हा बॅटरीइतकाच गंभीर दोष निघाला. जुन्या अठ्ठावीस इंची सायकलीला सळ्यांचे ब्रेक असतात. त्यांचे रबर रिमच्या आतल्या बाजूला दाबते. मोटरचे नवे चाक पुढे बसवताना त्याची रिम निराळ्या घडणीची निघाली, जुना ब्रेक तिला लागेना. म्हणून कारागिराने पुढचा ब्रेकच काढून पिशवीत घालून दिला होता! वेग बारावरून चोवीस किलोमीटरवर गेला, की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. आणि या सायकलचा वेग दुप्पट करून ब्रेक निम्मा केला गेला होता. नव्या रिमला साजेसा बाजूने दाबणारा ब्रेक बसवल्यावाचून मामंजींनी सायकल काढू नये, असे मी स्पष्ट सांगितले. ते रागावले. मग मानले.

आपल्या घरी किट बसवायचे असल्यास कारागिराला काही गोष्टी विचाराव्यात. ब्रेकची मूठ दाबताच मोटरचा प्रवाह तुटतो का? ही वायर पुष्कळदा जोडलेलीच नसते. मोटरचा आस चिमट्याच्या खाचेत फिरू नये म्हणून पट्टी लावली आहे का? मोटरच्या रेट्याने आस फिरला, तर चाक निसटते. चिमटा पोलादी आहे का? ॲल्युमिनिअमच्या वा स्प्रिंगच्या चिमट्यात पुढची मोटर बसवू नये. आणि पायडल फिरले तरच मोटर मदत करील असा सेन्सर लावला आहे का? ‘हजार वॅटचे टाका, पळेल’ असे कोणी म्हणाल्यास तिथून निघावे. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची, पंचवीस किलोमीटरच्या वेगाला पायडलची मदत बंद करणारी, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक आणि योग्य ब्रेक असलेली सायकल आपल्या कायद्यात मोटार वाहन गणली जात नाही. परवाना, नोंदणी काही लागत नाही. त्यापलीकडे गेलात की तो सारा व्याप आलाच, आणि अपघात झाला तर विम्याचा प्रश्न वेगळा. शिसे-आम्ल बॅटरीचे स्वस्त किटही मिळते, पण तिचे ओझे दहा-बारा किलोंचे. दुसऱ्या मजल्यावर रोज कोण चढवणार?

पायडलच्या सेन्सरवर मी भर दिला तो गुडघ्यांसाठी. झिजलेल्या गुडघ्याला हालचाल हवी असते, भार नको असतो. मोटरची मदत घेत हलक्या पायांनी फिरवलेले पायडल नेमके हेच देते. नुसती मूठ पिळून बसायचे असेल, तर खुर्ची काय वाईट होती? इंग्लंडमध्ये रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५० ते ८३ वर्षांच्या माणसांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, अर्धा तास सायकल चालवण्यास सांगितले होते. काहींना साधी, काहींना विजेची. बुद्धीच्या काही कामांत दोन्ही गटांत सुधारणा दिसली, आणि मनाच्या प्रसन्नतेबाबत विजेची सायकल मागे नव्हती. घराबाहेर पडणे, रस्ता ठरवणे, कुणी भेटणे यांचाही त्यात वाटा असणार, असे मला मामंजींकडे पाहून वाटते.

तरीही औषधांची यादी आधी काढावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शिरस्त्राणावाचून निघू नये, आणि डोक्याला मार लागल्यास काही झाले नाही असे वाटले तरी रुग्णालयात जावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडी वाढतच नाही. अशांनी नाडी मोजण्यापेक्षा, पायडल मारताना पूर्ण वाक्य बोलता येते का ते पाहावे. छातीत पेसमेकर असल्यास मोटरमधील चुंबकांविषयी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे, आणि मोटरचे चाक छातीशी धरून उचलू नये.

बसणे-उतरणे हा सर्वांत नाजूक क्षण. मोटरचे ओझे वाढलेली सायकल थांबताना कलते, आणि वृद्ध माणसे चालत्या सायकलीपेक्षा थांबत्या सायकलीवरून अधिक पडतात. यात दोन मागण्यांचा तंटा आहे. गुडघा म्हणतो, सीट उंच हवी, पाय जवळजवळ सरळ व्हावा. तोल म्हणतो, सीट खाली हवी, पाय जमिनीला लागावा. सत्तरीनंतर मी तोलाच्या बाजूने निवाडा देतो. सीटवर बसून दोन्ही चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. आडवी नळी नसलेली, खालच्या दांड्याची सायकल याहून उत्तम. नातीची तशी एक सायकल घरात होती. ‘ती बायकांची!’ म्हणून मामंजींनी विषय बंद केला. नेदरलँड्समधले आजोबा तसल्याच सायकली चालवतात, हे सांगूनही उपयोग झाला नाही. असो, सीट मात्र त्यांनी दोन बोटे खाली घेऊ दिली.

तेव्हा सूनबाई, सायकल विकू नका. महिन्याभराने आपले दुसरे पत्र आले ते पोहोचले. ४२ व्होल्टचा चार्जर आला, पुढचा ब्रेक बसला, बॅटरीच्या पेटीवर मामंजींनी टपालाच्या वळणदार अक्षरांत ‘४२ – संध्या. ५ ते ८ – झोपण्यापूर्वी काढणे’ अशी चिठ्ठी डकवली, हे वाचून संतोष वाटला. त्याच पत्रात आपण विचारले आहे, की वीज गेल्यावर या बॅटरीवर सासूबाईंचे यंत्र चालवता येईल का?

नाही. मिनिटाला पाच लिटर देणाऱ्या यंत्राला साधारण ३०० ते ३५० वॅट लागतात. सायकलची ही शिदोरी त्याला जेमतेम तासभर पुरेल, आणि ती घरगुती विजेच्या जातीची नसल्याने थेट जोडताही येत नाही. तसा प्रयत्न कोणाकडूनही करवून घेऊ नका. यंत्रासाठी इन्व्हर्टर किती क्षमतेचा असावा, आणि भरलेला सिलिंडर घरात कुठे व कसा ठेवावा, हे पुढील अंकी सविस्तर लिहितो. तोवर वीज मंडळाच्या स्थानिक कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक मामंजींच्या त्या चिठ्ठीखालीच लिहून ठेवावा.